पद्मिनीचं रिस्टोरेशन आणि पुण्यातलं एक गॅरेज

पुण्याच्या पूर्व भागात जुन्या गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज आहे. सहा गाड्या मावतील एवढी शेड, एक हेड मिस्त्री, दोन डेंटर, एक पेंटर, दोन हेल्पर आणि वायरिंगला बाहेरून येणारा इलेक्ट्रिशियन. १९७८ ची एक प्रीमियर पद्मिनी तिथे अकरा महिने होती. बोली पाच महिन्यांची झाली होती. त्या कामाचा हा लेखाजोखा. गॅरेजचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. खालच्या तक्रारी गॅरेजमालकांना समोर बसून सांगून झाल्या आहेत आणि त्यातल्या दोन त्यांनी एक पैसाही न घेता निस्तरून दिल्या.

निकाल आधीच सांगितलेला बरा. पत्र्याचं काम अव्वल, इंजिन चोख, रंग चांगला पण मागे लागून करून घ्यावा लागतो, वायरिंग कच्चं आणि सुट्या सामानाची नोंद जवळजवळ नाहीच. डेंटिंग आणि इंजिनासाठी गाडी तिथे जरूर द्यावी. वायरिंग दुसऱ्याकडून करून घ्यावं.

या गाडीत पत्र्याच्या कामाला एवढं महत्त्व का, ते पद्मिनीच्या घडणीत आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुळात फियाट ११०० डी. तिच्या आधीची गोलमटोल नाकाची ती आपली डुक्कर फियाट. या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. ॲम्बेसेडर असो वा पद्मिनी, फ्लोअर, दाराखालचे सिल, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि पुढच्या सस्पेन्शनचे पेटीसारखे भाग हेच गाडीचं हाडपेर. जीपचा फ्लोअर कुजला तर पाय ओले होतात, गाडी वाकत नाही. पद्मिनीचा सिल कुजला तर गाडी मधोमध बसते, दारं घासायला लागतात आणि जॅक लावल्यावर दार उघडलं तर परत बंदच होत नाही. म्हणून वरून चकचकीत दिसणारी पद्मिनी आतून काय आहे, हे रंग काढल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

पहिल्या भेटीत या गॅरेजने जे केलं ते बाकीच्यांनी शिकावं असं आहे. गाडीभोवती एक चक्कर मारून आकडा फेकला नाही. कार्पेट उचललं, मागची सीट काढली, दारांचे आतले पॅड उतरवले, बॅटरीचा ट्रे आणि स्टेपनीचा खड्डा मोकळा केला, गाडी स्टँडवर घेतली आणि जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालचा पत्रा ठोकत गेले. निरोगी पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि टोक दाबलं की आत जातो. जिथे जिथे टोक आत गेलं तिथे खडूने गोल केला. एकूण एकोणीस गोल झाले. एवढं झाल्यावरही मालकांनी पूर्ण गाडीची रक्कम सांगायला नकार दिला आणि तो बरोबरच होता. सगळी गाडी एका ठरलेल्या रकमेत करून देतो म्हणणारा माणूस, आत अपेक्षेपेक्षा जास्त गंज निघाला की तो लांबीखाली, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीखाली, झाकणारच. त्याला दुसरा मार्गच उरत नाही.

त्याऐवजी काम चार टप्प्यांत ठरलं: गाडी सोडवणं आणि रंग काढणं, पत्रा, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक, मग रंग आणि जुळणी. प्रत्येक टप्प्याचा अंदाज मागचा टप्पा बघून झाल्यावर. सुरुवातीला त्यांना निम्मी रक्कम हातात हवी होती. शेवटी पाचवा हिस्सा आगाऊ, प्रत्येक टप्पा डोळ्यांनी बघितल्यावर त्या टप्प्याचे पैसे, आणि दहा टक्के गाडी ५०० किलोमीटर चालल्यानंतर, असं एका वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. एकूण बिलात निम्म्याहून जास्त वाटा पत्रा आणि रंगाचा निघाला. इंजिनाची भीती सगळ्यांना वाटते, पण पैसे पत्रा खातो.

या पानावर एक अट आणखी होती आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला: जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी दाखवायचं. वेल्डिंग प्राइमरच्या आधी, प्राइमर लांबीच्या आधी, बोअर पिस्टन बसवण्याआधी, वायरिंग डॅशबोर्ड बसवण्याआधी. या गॅरेजने जिथे ही अट पाळली तिथलं काम आज निर्दोष आहे. जिथे घाईत चुकवली तिथेच पुढे कटकट झाली.

रंग काढायला त्यांनी छत, बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण यांना ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा, केला नाही. पेंट रिमूव्हर आणि खरवडणी. हे योग्य. बॉडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. जास्त दाबाने वाळू मारली की तो ताणून लाटा पडतात आणि त्या लाटा भरायला पुन्हा लांबीच लागते. फक्त फ्लोअरची खालची बाजू, चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शनचे भाग ब्लास्ट केले. रिमूव्हर वापरला तर एक काळजी घ्यावी लागते. तो जोडांत आणि पत्र्याच्या दुमडीत साठून राहतो आणि सहा महिन्यांनी तिथूनच नवा रंग उचलतो. दोनदा पाण्याने धुऊन लगेच हवेच्या पाइपने वाळवणं गरजेचं, आणि ते त्यांनी न सांगता केलं.

डावा सिल उघडला तेव्हा आत तीन थर निघाले. सगळ्यात आत मूळ पत्रा, पापडासारखा. त्यावर कुणीतरी गॅसने पितळी झाळ देऊन चिकटवलेलं ठिगळ. आणि त्यावर लांबी, एका जागी मोजली तर १२ मिलिमीटर. कुजलेल्या पत्र्यावर ठिगळ मारलं की दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि गंज आतून ठिगळालाही खातो. त्यामुळे कुजका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून टाकणं एवढाच इलाज आहे. कापण्याआधी डेंटरनी गाडी सस्पेन्शनच्या जागांवर टेकवून समतल केली, दारांच्या चौकटीत आतल्या बाजूने २५ मिलिमीटरचे चौकोनी पाइप तिरपे वेल्ड केले आणि दोन्ही बाजूंच्या चौकटींचे कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवले. एका वेळी एकच बाजू कापली. दारं बिजागरीवर तशीच ठेवली, म्हणजे प्रत्येक टाक्यानंतर दार लावून फट बघता येते. उजवी बाजू पूर्ण झाल्यावर कर्णात २ मिलिमीटरचा फरक होता, डावीकडे एकही नाही. एवढ्या जुन्या बॉडीला हे फार चांगलं. जी गॅरेजं आधी दारं काढून ठेवतात, दोन्ही सिल एकदम कापतात आणि शेवटी दारं बसवायला जातात, त्यांच्याकडे मग दाराच्या कडा घासून फट जुळवली जाते. ती चूक कधीच निघत नाही.

पत्रा कोणता, हे आधीच विचारून ठेवावं. इथे सिल आणि बाहेरच्या भागांना २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, आणि फ्लोअरला १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर वापरला. अनेक ठिकाणी गंज लागत नाही म्हणून जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा लावतात. वेल्डिंगच्या जागी त्याचा जस्ताचा थर जळतो, वेल्ड सच्छिद्र होतो, धूर डेंटरच्या छातीत जातो आणि रंगही त्यावर नीट धरत नाही. वेल्डिंग सीओटू गॅसच्या मशीनने, ०.८ मिलिमीटरच्या तारेने, बोटाच्या पेराएवढे टाके आणि तेही एकापाठोपाठ एक नाही. एक इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ देत. या एका गोष्टीसाठी तिथल्या थोरल्या डेंटरला मानलं पाहिजे. बाकीचे घाईत रेघ ओढतात, पत्रा तापून फुगतो, मग हातोडी-डॉलीने तो फुगा बसवण्यात दोन दिवस जातात.

पहिली तक्रार इथलीच. पत्र्याचं काम जुलैत संपलं आणि उघडा पत्रा नऊ दिवस तसाच शेडमध्ये राहिला, कारण पेंटर गावाला गेला होता. पुण्याच्या पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस झाक येते. परत आल्यावर पेंटर पॉलिश पेपर फिरवून थेट प्राइमर मारायला निघाला होता. पेपर गंजाचे उंचवटे काढतो, पत्र्याच्या बारीक खड्ड्यांतला गंज तसाच राहतो. तिथे अडून बसल्यावर सगळा भाग पुन्हा घासला, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावलं, धुतला, वाळवला आणि मग एपॉक्सी प्राइमर गेला. हे त्यांनी फुकट करून दिलं. अट सोपी ठेवावी: ज्या दिवशी पत्रा उघडा झाला किंवा वेल्डिंग संपलं, त्याच दिवशी संध्याकाळी एपॉक्सी प्राइमर. पेंटर नसेल तर हेल्परनेही मारलेला चालतो. फिनिशिंग नंतर करता येतं.

लांबी एपॉक्सीच्या वर लावायची की उघड्या पत्र्यावर, यावर गॅरेजांत मतभेद आहेत. ओलसर हवेच्या गावी एपॉक्सीच्या वरच लावावी. लांबी स्पंजासारखी पाणी पिते. तिच्यावर पाणी घालून पेपर मारला आणि खाली उघडा पत्रा असला, की पाणी पत्र्यापर्यंत पोचतं आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. जाडी २ ते ३ मिलिमीटरच्या आत. तपासायला कपड्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पुरतं; जिथे ते धरत नाही तिथे थर जाड. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, नीट केलेला नवा रंग २०० ते ३०० पर्यंत. या गाडीत बॉनेटवर २२० ते २८० आले, उजव्या मागच्या फेंडरवर ६०० च्या आसपास, म्हणजे तिथे लांबी आहे, पण बेताची. छतावर लांबी नाहीच.

वरचा रंग पीयू (पॉलियुरेथेन). त्याचं हार्डनर हवेतल्या दमटपणाशी झगडतं, बुडबुडे आणि धुरकटपणा येतो, म्हणून मालकांनी सप्टेंबर संपेपर्यंत रंग मारायला नकार दिला. वेळ गेला, पण निर्णय शहाणपणाचा होता. पेंटर साध्या रुमालाने तोंड बांधून फवारत होता, हे मात्र बघवलं नाही. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि रुमाल त्याला काहीच अडवत नाही. फिल्टर लावायचा मास्क आणून दिला तर तो वापरतो, आणि त्याची किंमत रंगाच्या एका डब्याहूनही कमी आहे. गाडी देणाऱ्याने तो द्यावाच.

रंगाच्या बाबतीत दुसरी तक्रार जरा बारीक, पण महाग पडली असती. दारांच्या तळाशी आणि सिलच्या खाली पाणी निघून जायला भोकं असतात. अंडरबॉडी कोटिंग मारताना ती सगळी बुजवली गेली. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच. ते निघालं नाही तर नवा पत्राही चार वर्षांत कुजतो. दारात ग्लासभर पाणी ओतून खालून किती येतं ते बघितल्यावर हे सापडलं. भोकं मोकळी करून आत मेणाचा फवारा मारून घेतला, तोही बिलात न लावता. गाडी ताब्यात घेताना हा ग्लासभर पाण्याचा प्रयोग चारही दारांना करावा.

बंपर आणि ग्रिलचं क्रोम त्यांनी बाहेर दिलं. प्लेटिंगवाल्याला विचारायचा एकच प्रश्न: तांबं आणि निकेल किती? क्रोमचा थर नावापुरता असतो. चमक आणि गंजापासून संरक्षण खालच्या निकेलमुळे, आणि खड्डे भरतात ते तांब्याने व बफिंगने. घाईचं प्लेटिंग वर्षात टिपके धरतं. दारांची हँडल्स वगैरे जस्ताच्या ओतीव भागांना आम्लाच्या टाकीत जास्त वेळ ठेवलं तर ते खाल्ले जातात, म्हणून ते वेगळे बांधून, वेगळं सांगून द्यायचे. इथे बंपर छान आले, एका हँडलवर मात्र खड्डे तसेच राहिले.

इंजिन १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. हेड मिस्त्रींची पद्धत बघण्यासारखी आहे. ब्लॉक उकळून धुतल्यावर प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा, असा सहा जागी मोजला. चार सिलिंडरचे चोवीस आकडे एका कार्डावर लिहून ते कार्ड बिलाबरोबर दिलं. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या फेऱ्यात, हे अपेक्षितच. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला वर-खाली ०.१५ मिलिमीटरचा फरक होता, म्हणजे नुसत्या रिंगा बदलून काही झालं नसतं. पिस्टन आधी हातात आले, मगच बोअर केला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीचे ओव्हरसाइझ पिस्टन जो माप सांगतात त्या मापाचे असतीलच असं नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या त्याच्या सिलिंडरला बोअरिंग आणि होनिंग, आणि पिस्टनच्या डोक्यावर नंबर. क्रँकचंही तसंच: जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) १० थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, खाली घासले तर बेअरिंग १० थाऊचंच, आणि घासल्यानंतर क्रँकमधल्या तेलाच्या वाटा तारेने आणि हवेने साफ झाल्याच पाहिजेत. घासणीचा एक कण तिथे राहिला तर नवं बेअरिंग हजार किलोमीटरही पुरत नाही.

पद्मिनी गरम होते म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं ओतलेलं नळाचं पाणी असतं. ॲल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक, मध्ये साधं पाणी, म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्ल्या जातात. मग गॅस्केट बदललं तरी महिन्यात पुन्हा उडतं. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने बघितलं, ०.०५ मिलिमीटरच्या वर गेलं तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. इथे दोन वाटांच्या कडा वेल्डिंगने भरून मग फेसिंग केलं. ब्लॉकचे कोअर प्लग सगळे बदलले आणि मागच्या सिलिंडरच्या बाजूला साचलेला गाळ तार घालून काढला. रेडिएटर उघडून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढला. आता त्यात कूलंट आहे आणि भर उन्हात ट्रॅफिकमध्ये काटा मध्यावर राहतो.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र ते जुन्याच काळात आहेत. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुनी रबरी नळी, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचे पॅकिंग इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, आणि टाकीत ओल धरून गंज वाढतो. त्यांनी साधीच नळी टाकली होती. ती काढून इथेनॉलला टिकणारी फ्लुरोरबरची नळी स्वतः आणून द्यावी लागली. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते, प्लग पांढरे पडतात. प्लग बघून मेन जेट एक नंबर मोठा टाकला की फरक कळतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करून ठेवावा.

ब्रेक चोख. चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट असल्यामुळे एका चाकाकडे गळती झाली तर सगळे ब्रेक जातात, हे ध्यानात घेऊन मास्टर सिलिंडर, सगळ्या व्हील सिलिंडरची किट आणि रबरी होज एकदम बदलले. लोखंडी पाइप सगळे नवे, टोकांना दुहेरी फ्लेअर. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद, पेडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा, ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. हँड गिअरच्या (स्टिअरिंग कॉलमवरच्या गिअरच्या) लिंकेजचे सगळे बुश आणि पुढच्या किंग पिनही बदलल्या. हँड गिअर अडकतो तेव्हा मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला निघतात; दहातल्या नऊ वेळा दोष कॉलमच्या खालच्या झिजलेल्या बुशांचा असतो. सीट आणि छताचं कापड बाहेरून करून आणलं, ठीक आहे.

वायरिंगवर मात्र सरळ नापास. मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापून मध्ये जोड दिले, जोड पिळून त्यावर टेप गुंडाळली. टेपचा गोंद पुण्याच्या उन्हाळ्यात वितळतो, टेप सुटते आणि उघडी तार पत्र्याला लागते. लाल तारेला पुढे हिरवी जोडली, म्हणजे उद्या दुरुस्ती करणाऱ्याने काय शोधायचं? हेडलाइटचा सगळा करंट अजूनही डॅशबोर्डच्या स्विचमधून जात होता. रिले टाकून बॅटरीकडून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तार दिली की दिवे उजळतात आणि स्विच जळत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक अर्थिंगची. नव्या रंगावरच अर्थचे बोल्ट आवळले होते. रंग विजेला अडवतो, म्हणून इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकायचे आणि पेट्रोलचा काटा उड्या मारायचा. अर्थच्या प्रत्येक जागी बोल्टाखालचा रंग खरवडून उघडा पत्रा, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून ग्रीस. इंजिनापासून बॉडीला जाणारी जाड अर्थ पट्टी तर विसरलेच होते. मग स्टार्टरचा करंट आपली वाट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो आणि केबल जळते. शेवटी सगळा हार्नेस दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून नव्याने करून घ्यावा लागला, क्रिम्प केलेली टोकं, रंगांनुसार तारा, वेगळे फ्यूज. हा खर्च दुहेरी झाला.

सुट्या सामानाचं काय? गाडी सोडवली तेव्हा सगळे स्क्रू, क्लिप, चॅनल एका ड्रममध्ये गेले. जुळणीच्या वेळी मागच्या डाव्या दाराच्या काचेची पट्टी आणि बीडिंगच्या अर्ध्या क्लिप सापडल्या नाहीत. या गोष्टी दुकानात विकत मिळत नाहीत. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात उतरवलेलं सामान चिक्कार असायचं. तिथली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली आणि तेव्हापासून हा झरा आटत चालला आहे. पुण्यात नाना पेठेत क्लच प्लेट, ब्रेक किट, बेअरिंग अजून मिळतात. जुन्या बाजारात नशीब असेल तर काचेचं हँडल किंवा मीटर. दुकानदार जुना ओरिजिनल स्टॉक म्हणून रबरी सामान देतो तेव्हा ते दुमडून बघावं. वीस वर्षं डब्यात पडलेलं रबर न वापरताही तडकलेलं असतं. गॅरेजला गाडी देण्याआधी प्रत्येक दार, डॅशबोर्ड आणि बॉनेटखालचे फोटो काढून, झिप लागणाऱ्या पिशव्या आणि मार्कर पेन स्वतः नेऊन द्यावा, आणि पहिले दोन दिवस सोडवणीच्या वेळी तिथे थांबावं. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा. इथे त्यांनी तो न मागता एका खोक्यात भरून दिला, हेही सांगितलं पाहिजे.

उशिराची कारणं अशी: क्रोमला सात आठवडे, पावसामुळे दोन महिने, आणि उरलेला बहुतेक वेळ डेंटर इन्शुरन्सच्या ॲक्सिडेंटच्या गाड्यांवर होते म्हणून. त्या गाड्यांचे पैसे पटकन येतात, गॅरेज त्यांवरच चालतं, हे समजण्यासारखं आहे. पण मग आठवड्यात किती दिवस कोणता माणूस या गाडीवर, हे आधी ठरवून घेतलं पाहिजे. दर शनिवारी जाऊन फोटो काढणं सुरू झाल्यावर काम दिसायला लागलं, त्याआधी चार आठवडे गाडी हललीच नव्हती.

कागदपत्रांची बाजू त्यांना ठाऊक नाही आणि ती त्यांच्यावर सोडूही नये. आरसीवर जो रंग लिहिला आहे तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. इंजिन बदललं तर नंबरची नोंद. चासी नंबरजवळचा पत्रा कापायची वेळ आली तर आधी फोटो आणि ठसा घेऊन ठेवावा. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. ही गाडी २०२८ मध्ये त्या वयात येईल. म्हणून मिस्त्रींनी सुचवलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स नाकारला, आणि तिचंच इंजिन, तिचाच हँड गिअर ठेवला.

ताब्यात घेताना गाडी थंड असतानाच जावं, म्हणजे थंड इंजिन किती सेल्फमध्ये उठतं ते कळतं. पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगाने ओढत नेऊ नये, चढावर वरच्या गिअरमध्ये दाबू नये, मग ऑइल आणि फिल्टर बदलावेत. त्याच वेळी हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे आणि मग टॅपेटची फट जुळवायची. हेड मिस्त्रींनी त्यासाठी स्वतः तारीख दिली, सकाळी आठला शेड उघडली आणि दोन नट पाव आटा ढिले निघाले. ते आवळून झाल्यावर राहिलेले दहा टक्के दिले.